प्रकल्पाच्या एस्टिमेटवरून सॉफ्टवेअरमध्ये बजेट तयार करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शेड उभारणी, शीतगृहे, ठिबक व सौर यंत्रणा, डाळ मिलची यंत्रसामग्री बसवणे आणि लहानमोठी सरकारी बांधकामे करणाऱ्या संस्थांच्या मालकांसाठी, लेखापालांसाठी आणि साइट पाहणाऱ्या अभियंत्यांसाठी आहे. बहुतेकांकडे एस्टिमेट एक्सेलमध्ये असते आणि हिशेब टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. या दोहोंना जोडणारे बजेट मात्र कुठेच नसते. उत्तरे समजावीत म्हणून एकच काल्पनिक काम बहुतेक ठिकाणी घेतले आहे : रावेर तालुक्यात केळी पिकवणीचे चेंबर आणि पॅकहाउस उभारण्याचा ठेका. त्यातील दर व रकमा केवळ समजावण्यापुरत्या आहेत.

एस्टिमेट तयार असताना वेगळे बजेट कशासाठी? तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरला तर काय बिघडते?

एस्टिमेट हे काम मिळवण्यासाठी केलेले असते. त्यात ग्राहकाला सांगायची किंमत, नफा, कर आणि वाटाघाटीसाठी ठेवलेली जागा असे सगळे एकत्र असते. बजेट हे संस्थेने स्वतःच्याच माणसांना दिलेले खर्चाचे अधिकारपत्र असते, म्हणजे अमुक शीर्षावर (खर्चाच्या सदरावर), अमुक महिन्यांत, अमुक रकमेपर्यंत खर्च करण्यास मान्यता आहे असे ते सांगते. एस्टिमेटचा आकडा जसाच्या तसा भरला, तर साइटवरील अभियंत्याला नफ्याची रक्कमही खर्चासाठी उपलब्ध असल्याचे दिसते. मग काम तोट्यात जात असतानाही अहवालात सर्व काही मर्यादेत असल्याचे भासते.

म्हणून एका कागदावरून दुसऱ्या कागदावर आकडे उतरवून रूपांतर होत नाही. कोणती रक्कम कोणाच्या ताब्यात द्यायची हा त्यातला खरा निर्णय आहे आणि तो सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही.

एस्टिमेटमधील कोणत्या रकमा बजेटमध्ये घ्याव्यात आणि कोणत्या वगळाव्यात?

आपल्या उदाहरणातील एस्टिमेट असे आहे असे समजू. पाया, फरशी व इतर सिव्हिल काम १४ लाख, लोखंडी शेड १८ लाख, पफ पॅनेल (आत फोम असलेली उष्णतारोधक पॅनेल) १६ लाख, रेफ्रिजरेशन यंत्रणा २२ लाख, विद्युत काम ६ लाख, वाहतूक व क्रेन २ लाख आणि साइटवरील देखरेख २ लाख. हा प्रत्यक्ष खर्च ८० लाख रुपये झाला. त्यावर ५ टक्के आकस्मिक खर्च, म्हणजे ४ लाख, आणि ५ टक्के कार्यालयीन खर्च, म्हणजे आणखी ४ लाख धरले, की बेरीज ८८ लाख होते. त्यावर १० टक्के नफा ८ लाख ८० हजार आणि या ९६ लाख ८० हजारांवर १८ टक्के जीएसटी १७ लाख ४२ हजार ४०० धरल्यावर ग्राहकाला दिलेला आकडा १ कोटी १४ लाख २२ हजार ४०० रुपये होतो.

साइटच्या ताब्यात द्यायचे बजेट यांपैकी फक्त ८० लाखांचे आहे. आकस्मिक खर्चाचे ४ लाख बजेटमध्ये असतील, पण स्वतंत्र शीर्षाखाली आणि मालकाच्या मंजुरीशिवाय न उघडणारे. कार्यालयीन खर्चाचे ४ लाख प्रकल्पाच्या शीर्षात टाकू नयेत, कारण कार्यालयाचे भाडे, लेखापालाचा पगार आणि मालकाच्या गाडीचे डिझेल यांवर साइटच्या माणसाचे काहीही नियंत्रण नसते. तो खर्च संस्थेच्या वार्षिक बजेटमध्ये जातो. नफा बजेटमध्ये खर्च म्हणून कधीच येत नाही. तो हवा असल्यास प्रकल्पाच्या उत्पन्नाच्या बाजूला ९६ लाख ८० हजार मांडून फरकातून दाखवता येतो. ज्या जीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणजे खरेदीवर भरलेला जो कर विक्रीवरील करातून वजा करता येतो, तो खर्चच नाही.

एक कोटी चौदा लाखांच्या एस्टिमेटमधून ऐंशी लाखांचे बजेट निघते, हे प्रथम ऐकणाऱ्या साइट अभियंत्याला ते काटकसरीचे फर्मान वाटते. त्याच्या हातातील एकही वीट कमी झालेली नाही, हे त्याला आकडे समोर ठेवून समजावून सांगावे. हा अर्धा तास वाचवू नये.

आम्ही ठेकेदार नाही. आमच्याच कारखान्यासाठी शेड बांधत आहोत. जीएसटी बजेटमध्ये धरावा का?

येथे उत्तर बदलते. ठेकेदार पुढे वर्क्स काँट्रॅक्टची (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या बांधकाम ठेक्याची) सेवा विकत असतो, म्हणून त्याला त्याच्या खरेदीवरील क्रेडिट मिळते. स्वतःच्या वापरासाठी इमारत उभारणाऱ्याला मात्र केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार, यंत्रसामग्री सोडून इतर स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरील क्रेडिट नाकारलेले आहे. यंत्रसामग्रीचा पाया आणि तिला आधार देणारी रचना मात्र यंत्रसामग्रीतच मोडते.

जळगाव औद्योगिक वसाहतीतील एखाद्या चटई कारखान्याने पाया आणि शेडचे ३२ लाखांचे काम ठेक्याने दिले, तर त्यावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ लाख ७६ हजार रुपये, हा त्या कारखान्याचा खराखुरा खर्च आहे आणि तो त्याच शीर्षात धरला पाहिजे. उलट नवीन यंत्रावरील जीएसटी वेगळा ठेवायचा. कोणती बाब कोणत्या बाजूला पडते यावर वाद होऊ शकतो, म्हणून बजेट मंजूर होण्याआधी सनदी लेखापालांकडून प्रत्येक शीर्षापुढे क्रेडिट मिळणार किंवा मिळणार नाही अशी खूण करून घ्यावी.

एस्टिमेट कामाच्या बाबींनुसार आहे आणि टॅलीतील खाती माल, मजुरी, वाहतूक अशी आहेत. दोन्ही जुळवायचे कसे?

सर्वांत जास्त वेळ याच टप्प्यावर जातो आणि सर्वांत जास्त टाळाटाळही याच टप्प्याची होते.

एस्टिमेटमध्ये ओळ असते ती अशी : एम २० काँक्रीट, १२० घनमीटर, दर ६,५०० रुपये, रक्कम ७ लाख ८० हजार. प्रत्यक्षात काँक्रीट नावाचे बिल कधी येत नाही. सिमेंटचे बिल भुसावळच्या दुकानदाराकडून येते, खडी क्रशरवरून येते, वाळूची पावती वेगळी असते आणि मजुरीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. त्यामुळे बाबनिहाय दराचे पृथक्करण करून त्याचे घटक वेगळे केल्याशिवाय बजेट आणि प्रत्यक्ष खर्च एका ओळीत येऊच शकत नाहीत.

वरील ओळ फोडली तर ती साधारण अशी दिसेल. घनमीटरला ८ गोण्या या हिशेबाने ९६० गोण्या सिमेंट, ३५० रुपये दराने ३ लाख ३६ हजार. वाळू व खडी मिळून २ लाख ४ हजार. घनमीटरला १,२०० रुपये या दराने मजुरी १ लाख ४४ हजार. मिक्सर, व्हायब्रेटर आणि डिझेल ४८ हजार. सेंट्रिंगच्या फळ्या, पाणी आणि क्युअरिंग ४८ हजार. बेरीज पुन्हा ७ लाख ८० हजार आली पाहिजे. ती आली नाही, तर एस्टिमेटमधील दर कोठून आला होता हे शोधावे. पुष्कळदा तो मागच्या कामाच्या फाइलमधून उचललेला असतो आणि त्याचे पृथक्करण कोणाकडेच नसते.

आता सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बाबीला दोन खुणा लावाव्यात. एक खूण कामाच्या भागाची, उदाहरणार्थ पाया, शेड, पॅनेल. दुसरी खूण खर्चाच्या प्रकाराची, उदाहरणार्थ माल, मजुरी, यंत्रभाडे, उपठेका, वाहतूक. टॅलीमध्ये दुसरी खूण म्हणजे लेजर (खर्चाचे खाते) आणि पहिली म्हणजे कॉस्ट सेंटर (खर्च ज्या कामासाठी झाला ते काम). प्रकल्प हे मुख्य कॉस्ट सेंटर ठेवून त्याखाली कामाचे भाग उघडता येतात. ही जुळणीची तक्ता-यादी एकदाच नीट करून ठेवली, तर पुढील प्रत्येक कामाला ती वापरता येते. म्हणून ती घाईत करू नये आणि लेखापालाने एकट्याने तर मुळीच करू नये. कोणते बिल कोणत्या भागाचे हे साइटच्या माणसालाच माहीत असते.

शीर्षे किती बारीक असावीत?

ज्या शीर्षाविषयी कोणी वेगळा निर्णय घेणार नाही ते शीर्ष नको. खिळे, तार आणि बांधणीची दोरी यांना स्वतंत्र शीर्ष दिले, तर बिल नोंदवणारा महिनाभर प्रामाणिकपणे नोंदवतो आणि नंतर सगळे किरकोळ खर्चात टाकू लागतो. ऐंशी लाखांच्या कामाला वीस ते तीस शीर्षे पुरतात असे आमचे मत आहे. रेफ्रिजरेशन यंत्रणा एकाच पुरवठादाराकडून बसवून मिळणार असेल, तर २२ लाखांची ती एकच ओळ ठेवण्यात काही चूक नाही. तिथे पृथक्करण करून काहीही साधत नाही.

एक्सेलमधील एस्टिमेट थेट आयात करता येते का? त्यात कोणत्या अडचणी येतात?

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक नमुन्यातील फाइल आयात करण्याची सोय असते. अडचणी फाइलच्या आत असतात. एकत्र केलेले सेल, मधेच आलेल्या उपबेरजा, बाबीच्या वर्णनातच लिहिलेला दर आणि दोन ओळींत पसरलेले वर्णन, या चार गोष्टी आयातीपूर्वी साफ कराव्या लागतात. उपबेरजेची ओळ तशीच राहिली, तर ती रक्कम दुप्पट धरली जाते आणि बजेट फुगते.

आपल्याकडील खास अडचण मोजमापाच्या एककांची आहे. वाळू आणि खडी आपण ब्रासमध्ये घेतो, नकाशा आणि सरकारी दरसूची घनमीटरमध्ये असते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. चाळीस ब्रास वाळूच्या जागी चाळीस घनमीटर अशी नोंद झाली, तर सुमारे ११३ घनमीटरच्या गरजेला जवळजवळ एक तृतीयांश परिमाण मंजूर होते आणि तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर सॉफ्टवेअर अडवणूक करू लागते. त्यात भर म्हणजे फरशी आणि प्लास्टरच्या बोलण्यातला ब्रास हा १०० चौरस फुटांचा असतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एककांची यादी करताना घनब्रास आणि चौरसब्रास अशी दोन वेगळी नावे ठेवावीत आणि घनमीटर व चौरस मीटरशी त्यांचे गुणोत्तर तिथेच भरावे.

आयात झाल्यावर एकच तपासणी करावी, पण चुकवू नये : सॉफ्टवेअरमधील बजेटची एकूण बेरीज आणि एस्टिमेटमधून वगळलेल्या रकमांची बेरीज मिळून मूळ एस्टिमेट यायला हवे. आपल्या उदाहरणात ८४ लाख (साइटचे ८० लाख आणि आकस्मिक शीर्षाचे ४ लाख) अधिक ३० लाख २२ हजार ४०० बरोबर १ कोटी १४ लाख २२ हजार ४०० असे.

टॅलीमध्ये हे कितपत जमते? त्यासाठी मोठे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?

टॅलीप्राइममध्ये कॉस्ट सेंटर आणि बजेट या दोन्ही सोयी आहेत. त्या आधी चालू कराव्या लागतात. बजेट ग्रुपवर, लेजरवर किंवा कॉस्ट सेंटरवर लावता येते आणि ते अखेरच्या शिल्लकेवर मोजायचे की कालावधीतील निव्वळ व्यवहारांवर, हे निवडता येते. प्रकल्पाच्या खर्चासाठी निव्वळ व्यवहारांचा पर्याय घ्यावा. त्यानंतर अहवालात बजेट आणि प्रत्यक्ष यांतील फरक दिसतो. ही व्यवस्था मुळात तुलना दाखवण्यासाठी आहे. बजेट संपले म्हणून खरेदीची नोंद अडवून ठेवणे हे तिचे काम नाही. शिवाय बजेटमध्ये रक्कम असते, गोण्या आणि ब्रास नसतात. एका वेळी दोन-तीन साइट चालवणाऱ्या आणि प्रत्येक खरेदी मालकाच्या नजरेखालून जाणाऱ्या संस्थेला एवढे पुरेसे आहे.

ईआरपीनेक्स्ट या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये बजेट कॉस्ट सेंटरवर किंवा थेट प्रकल्पावर लावता येते आणि ते ओलांडल्यास नोंद थांबवावी, फक्त सूचना द्यावी की दुर्लक्ष करावे हे ठरवता येते. ही तपासणी मालाच्या मागणीच्या वेळी, खरेदी आदेशाच्या वेळी किंवा प्रत्यक्ष खर्चाच्या वेळी, अशी कोणत्या टप्प्यावर करायची हेही निवडता येते. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलमध्ये प्रकल्पाच्या नियोजनाची प्रत्येक ओळ बजेटची, ग्राहकाला बिल करायची किंवा दोन्हींची असू शकते. त्यामुळे खर्च आणि विक्रीची किंमत एकाच ठिकाणी राहूनही वेगळ्या मोजल्या जातात. एसएपीच्या प्रोजेक्ट सिस्टिममध्ये खर्चाचे नियोजन आणि मंजूर बजेट या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, नियोजनाचा आकडा मूळ बजेटमध्ये आणता येतो आणि नंतरची वाढ, परतावा व एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात वळवलेली रक्कम यांच्या स्वतंत्र नोंदी राहतात. आपल्या भागातील लहान ठेकेदाराला एसएपीची गरज नाही, पण ही विभागणी त्याने आपल्या एक्सेलमध्ये जरूर उतरवावी.

बजेट शिल्लक दिसत होते, तरी शेवटी खर्च वाढला. असे का होते?

बहुधा खरेदी आदेशांत अडकलेली रक्कम मोजलेली नसते. पॅनेलच्या शीर्षात १६ लाखांचे बजेट आहे, ६ लाखांचे बिल नोंदले गेले आहे, म्हणून १० लाख शिल्लक आहेत असे टॅली दाखवते. पण उरलेल्या पॅनेलसाठी ९ लाखांचा आदेश महिन्यापूर्वीच दिलेला असतो. तेव्हा खरी शिल्लक १ लाख आहे. खरेदी आदेश सॉफ्टवेअरमध्ये न करता व्हॉट्सअॅपवर पाठवण्याची सवय असेल, तर जगातील कोणतेही सॉफ्टवेअर हे सांगू शकणार नाही.

दुसरे कारण मुकादमाची उचल हे आहे. मजुरांच्या टोळीला कामापूर्वी दिलेली उचल काही जण थेट मजुरी खर्चात टाकतात, काही जण कायमची येणे रकमेत ठेवतात. दोन्ही चूक आहे. उचल देताना ती मुकादमाच्या नावे अग्रिम म्हणून नोंदवावी आणि मोजमाप पुस्तिकेनुसार झालेल्या कामापुरतीच रक्कम मजुरीच्या शीर्षात वळवावी. मोजमाप पंधरा दिवसांनी व्हायला हवे. महिनाअखेरीस बजेटशी तुलना करताना टोळीने केलेले पण न मोजलेले काम राहिले, तर मजुरी स्वस्त पडल्याचा आनंद फार काळ टिकत नाही.

टीडीएसचा (बिल देतानाच कापून सरकारकडे भरायच्या प्राप्तिकराचा) येथे काही संबंध नाही. ठेकेदाराच्या बिलातून कापलेला कर हा त्याच्याच पैशाचा भाग आहे, म्हणून बजेटच्या तुलनेत पूर्ण बिल धरावे. सुरक्षा ठेव म्हणून रोखलेल्या रकमेचेही तसेच.

बजेट महिन्यांत कसे वाटावे? बारा समान भाग केले तर चालेल का?

प्रकल्पाला बारा समान भाग कधीच लागू पडत नाहीत. आधी कामाचा क्रम मांडावा आणि मग प्रत्येक शीर्षाची रक्कम त्या क्रमाच्या मागे जावी. पॅनेल आणि रेफ्रिजरेशन यंत्रणेसाठी आगाऊ रक्कम आधी जाते, माल नंतर येतो आणि बिल त्याहून नंतर, त्यामुळे खर्चाचे महिने आणि पैसे बाहेर पडण्याचे महिने वेगळे असतात. बजेट खर्चाच्या महिन्यांनुसार करावे आणि पैशाच्या आवकजावकीचा तक्ता वेगळा ठेवावा.

खानदेशातील वेळापत्रकात ऋतू धरावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी काँक्रीट ओतता येत नाही, काम पहाटे आणि संध्याकाळी चालते, पाण्याचे टँकर वाढतात आणि त्याच मजुरीत कमी काम होते. पावसाळ्यात नदीपात्रातील वाळूचा उपसा बंद असल्याने साठा आधी करावा लागतो, म्हणजेच वाळूचा खर्च पुढच्या महिन्यांतून मे महिन्यात येतो. दिवाळीनंतर सातपुड्यातील आणि नंदुरबारकडील अनेक मजूर ऊसतोडीसाठी गुजरातकडे व अन्यत्र जातात आणि कापूस वेचणीही त्याच सुमारास जोरात असते, त्यामुळे या महिन्यांत मजुरीचा दर एस्टिमेटमधील सरासरी दरापेक्षा वेगळा धरणे रास्त ठरते.

काम ३१ मार्च ओलांडत असेल, तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये बजेट आर्थिक वर्षानुसार लावले जाते, तिथे दोन वर्षांची दोन बजेटे करावी लागतात. मार्चअखेर न वापरलेली रक्कम पुढील वर्षात आपोआप जाईल असे गृहीत धरू नये. १ एप्रिलला खरेदी अडली, की मग सर्वांना हे आठवते.

आकस्मिक खर्चाची रक्कम वापरायची कशी?

ती कोणत्याही शीर्षातून थेट खर्च करू नये. तिच्यातून रक्कम योग्य शीर्षात वळवावी आणि मग त्या शीर्षातून खर्च करावा. समजा, खोदाईत काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघाली आणि पायासाठी १ लाख १० हजार अधिक लागणार आहेत. तर आकस्मिक शीर्ष ४ लाखांवरून २ लाख ९० हजारांवर येईल, सिव्हिल कामाचे शीर्ष १५ लाख १० हजार होईल आणि नोंदीच्या शेऱ्यात कारण लिहिलेले असेल. एकूण बजेट ८४ लाखच राहते.

दर वाढणे आणि परिमाण वाढणे ही कारणे शेऱ्यात वेगवेगळी लिहावीत. काळी माती निघाली हे परिमाणाचे कारण आहे; सिमेंट गोणीमागे महागले हे दराचे. पुढच्या एस्टिमेटमध्ये पहिल्यावरचा उपाय म्हणजे जमिनीची आधी चाचणी करणे आणि दुसऱ्यावरचा म्हणजे दर टिकण्याची मुदत लिहून घेणे. दोन्ही कारणे महागाई या एका शब्दात गुंडाळली, तर दोन्ही उपाय हातचे जातात.

एस्टिमेट दिल्यानंतर कराचा दर बदलला तर बजेट बदलावे का?

ज्या कराचे क्रेडिट मिळते त्याचा दर बदलल्याने खर्चाचे बजेट बदलत नाही, फक्त पैशाचा तक्ता बदलतो. क्रेडिट मिळत नसेल तर मात्र बजेट सुधारावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि ठिबक संच व सौर उपकरणांवरील दर १२ वरून ५ टक्के झाला. स्वतःची इमारत बांधणाऱ्या आणि सिमेंट स्वतः विकत घेणाऱ्या संस्थेचे जुने बजेट यामुळे फुगलेले राहिले. अशी सैल झालेली रक्कम शीर्षात तशीच ठेवली, तर ती दुसऱ्या कुठल्या तरी उधळपट्टीवर पांघरूण घालते. ती काढून आकस्मिक शीर्षात न्यावी.

ग्राहकाने मध्येच जादा काम सांगितले. मूळ बजेट दुरुस्त करावे का?

मूळ बजेटला हात लावू नये. ते मंजुरीच्या तारखेसह गोठवावे आणि जादा कामाचे एस्टिमेट, ग्राहकाची लेखी संमती आणि पूरक बजेट अशी स्वतंत्र साखळी करावी. पूरक बजेट केव्हा उघडायचे, याविषयी आमचा आग्रह आहे की ग्राहकाची संमती येण्यापूर्वी नाही. शेजारच्या गावातील, ओळखीतील ग्राहकाकडून सही मागणे अनेकांना अवघड वाटते. निदान फोनवरील बोलण्यानंतर लगेच रकमेसह संदेश पाठवून त्याचे होकारार्थी उत्तर सॉफ्टवेअरमधील नोंदीला जोडावे.

अहवालात मूळ बजेट, पूरक बजेट, आजचे मंजूर बजेट, झालेला खर्च आणि आदेशांत अडकलेली रक्कम असे पाच रकाने असले, की मालकाला बहुतेक सर्व दिसते.

बजेट संपल्यावर सॉफ्टवेअरने खरेदी थांबवावी की फक्त सूचना द्यावी?

मोठ्या आणि आधी ठरवता येणाऱ्या खरेदीसाठी थांबवावे. पॅनेल, यंत्रणा, लोखंड आणि उपठेके यांत मोडतात. डिझेल, पाणी आणि रोजची मजुरी यांसाठी सूचना पुरे. रविवारी सकाळी स्लॅब चालू असताना डिझेलची नोंद अडली, तर साइटवाला रोखीने डिझेल आणतो आणि ती नोंद नंतर भलत्याच शीर्षात सापडते.

सरकारी कामात विभागाचे एस्टिमेट असतेच. तेच बजेट म्हणून वापरता येईल का?

नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे एस्टिमेट दरसूचीवर आधारलेले असते आणि त्या दरांत ठेकेदाराचा नफा धरलेला असतो. आपण निविदा १५ टक्के कमी दराने भरली असेल, तर प्रत्येक बाबीतून सरसकट १५ टक्के वजा करणे हाही उपाय नव्हे, कारण सिमेंटचा दुकानदार आपल्याला १५ टक्के सूट देत नाही. परिमाणे विभागाच्या एस्टिमेटमधून घ्यावीत, दर मात्र आपल्या बाजारातील, आपल्या साइटपर्यंतच्या वाहतुकीसह धरावेत. अक्कलकुवा किंवा धडगावच्या डोंगराळ भागातील कामाला धुळ्यातील दर लागू होत नाहीत. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण उपकर, जो बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो, तो विभाग बिलातून कापतो. त्यासाठी बजेटमध्ये शीर्ष ठेवावे.

काम निम्मे झाले आहे. आता बजेट करून उपयोग आहे का?

आहे. झालेल्या खर्चाला मागाहून बजेट लावण्यात वेळ घालवू नये, तो भाग एका रकमेने बंद करावा. उरलेल्या कामाची परिमाणे साइटवर जाऊन पुन्हा मोजावीत, आजच्या दराने एस्टिमेट करावे आणि त्यातून फक्त उरलेल्या कामाचे बजेट करावे. झालेला खर्च, आदेशांतील रक्कम आणि उरलेल्या कामाचा हा अंदाज मिळून ठेक्याच्या रकमेपेक्षा जास्त होत असेल, तर ते आज कळणे शेवटच्या बिलाच्या वेळी कळण्यापेक्षा बरे.

मालक एकटाच सर्व पाहतो. मग मंजुरी कोणाची घ्यायची?

मंजुरी मालकाचीच, पण तारीख टाकून. लहान संस्थेत मंजुरीचा उपयोग अधिकारापेक्षा स्मरणासाठी अधिक असतो. बजेट करणारा आणि रोजची बिले नोंदवणारा ही मात्र दोन माणसे असावीत, आणि मंजूर झालेले बजेट बदलण्याचा सॉफ्टवेअरमधील अधिकार नोंदी करणाऱ्याकडे नसावा.

काम संपल्यावर बजेटचे काय करायचे? साइटवर माल उरला असेल तर?

उरलेला माल दुसऱ्या साइटवर गेला, तर त्याची किंमत पहिल्या प्रकल्पाच्या शीर्षातून वजा होऊन दुसऱ्यात जमा झाली पाहिजे, नाहीतर रावेरच्या कामात सिमेंट जास्त लागल्याचे आणि चोपड्याच्या कामात ते जवळजवळ फुकट मिळाल्याचे दिसते. गाडी निघताना साइटवरच स्टॉक ट्रान्सफरची नोंद करावी. सुरक्षा ठेव आणि दोषदुरुस्तीचा काळ संपेपर्यंत प्रकल्प सॉफ्टवेअरमध्ये बंद करू नये. दुरुस्तीसाठी थोडी रक्कम राखून बाकीची शीर्षे बंद करावीत. नंतर प्रत्येक बाबीचा प्रत्यक्ष पडलेला दर काढून तो एस्टिमेटच्या एक्सेल फाइलमध्ये, तारीख आणि ठिकाण यांसह, जुन्या दराशेजारच्या रकान्यात भरावा. जुना दर पुसू नये.